कपाटाची किल्ली

एखाद्या शाळेत गेले की लायब्ररी कुठे आहे, असं मी विचारत नाही. कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ते विचारते. किल्ली बहुतेक वेळा मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते, कधी रजेवर गेलेल्या बाईंच्या पर्समध्ये असते. मग कपाट उघडतं, कुबट वास येतो आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे तसेच दिसतात. पुस्तकं चांगली असतात. कित्येक तर मुलांनी हावरटासारखी वाचावीत अशी असतात. पण दोन-तीन वर्षांत ती कुणाच्या हातात गेलेली नसतात.

यात शिक्षकांचा आळस असतो, असं समजू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये लायब्ररी उभी करण्याचं काम करते. कुलपाचं खरं कारण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच निघालं आहे: चार्ज. बदली झाली की पुढच्या शिक्षकाला सगळ्या वस्तू मोजून द्याव्या लागतात. यादीत 412 पुस्तकं आणि कपाटात 397 भरली, तर उरलेल्या 15 पुस्तकांचं काय, ही धास्ती. त्यापेक्षा कुलूप बरं. म्हणून लायब्ररीचं काम पुस्तकांपासून सुरू होत नाही, ते कागदापासून सुरू होतं.

समोर एक शाळा धरू. पहिली ते पाचवी, दोन शिक्षक, पट 42, खोल्या दोन आणि एक व्हरांडा. ग्रंथपालाचं पद प्राथमिक शाळेला नसतंच. प्रत्येक मुलाने आठवड्याला एक पुस्तक घरी नेलं आणि सुट्ट्या-परीक्षा वगळून वर्षात 35 आठवडे हे चाललं, तर 1470 वेळा पुस्तक शाळेबाहेर जाऊन परत येईल. एवढी ये-जा होताना काही फाटणार, काही हरवणार, एखादं बकरी खाणार. किती नुकसान रास्त मानायचं, याचं उत्तर सरकारी नियमांतच आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांमध्ये ग्रंथालयांसाठी असं म्हटलं आहे की, वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवली तर ते रास्त समजावं. अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा मात्र नसावा. आपल्या हिशेबाने वर्षाला सात पुस्तकं. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला तो आपोआप लागू होत नाही. पण शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाला त्याचा आधार घेता येतो. ठराव साधा असावा: वापरात फाटलेल्या व हरवलेल्या पुस्तकांची दरवर्षी एप्रिलमध्ये पडताळणी करून समितीसमोर यादी ठेवायची, त्यांचं निर्लेखन प्रस्तावित करायचं, आणि शिक्षकाकडून किंवा पालकाकडून वसुली करायची नाही. त्याची एक प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्यायची. ही पोच फाइलला लागली की शिक्षकांचा चेहरा बदलतो. मी तो बदललेला पाहिला आहे.

पुस्तकं कुलपात राहू नयेत, हा आग्रह जुनाच आहे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. पहिला नियम: पुस्तकं वापरासाठी असतात. एवढी उघड गोष्ट नियम म्हणून का सांगावी लागली? मध्ययुगीन युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं लोखंडी साखळीने फळीला बांधून ठेवत, त्याचा दाखला रंगनाथनांनी या नियमाच्या विवेचनात दिला आहे. आपल्याकडे साखळी नाही, कपाट आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं व गोष्टींसह सगळ्या विषयांची पुस्तकं असतील, असं स्पष्ट लिहिलं आहे. कुलूपबंद कपाटाने तपासणीच्या तक्त्यात बरोबरची खूण होते, पण मुलाचा हक्क पुरा होत नाही.

कागद झाला की जागा. वेगळी खोली नसेल तर काही अडत नाही. वर्गाच्या एका भिंतीला, मुलांच्या छातीच्या उंचीवर, नायलॉनच्या तीन दोऱ्या आडव्या ताणून बांधायच्या आणि पातळ पुस्तकं मधोमध उघडून त्यावर अडकवायची, म्हणजे मुखपृष्ठ समोर दिसतं. जाड पुस्तकांसाठी प्लास्टिकचे क्रेट किंवा आडव्या ठेवलेल्या लाकडी पेट्या. मुखपृष्ठ दिसणं फार महत्त्वाचं. मोठा माणूस कण्यावरचं नाव वाचून पुस्तक ओढतो; पहिलीतलं मूल हत्ती बघून उचलतं. एका वेळी 40–50 पुस्तकंच बाहेर मांडावीत आणि दर सोमवारी त्यातली निम्मी बदलावीत. पाऊस जास्त असलेल्या भागात भिंतीला ओल येते, तेव्हा पुस्तकं भिंतीपासून वीतभर लांब ठेवावीत. कोपऱ्यात कडुनिंबाची वाळलेली पानं टाकावीत आणि महिन्यातून एकदा सगळी पुस्तकं काढून झटकावीत. कसर आणि वाळवी दोन्ही अंधारात, न हलवलेल्या गठ्ठ्यात वाढतात. हाताळलेल्या पुस्तकाला कसर सहसा लागत नाही.

आता पुस्तकं. इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. आपल्या शाळेला त्यातला लहान आकडा मिळेल. शिवाय वाढदिवसाला, सेवापूर्तीला गावातले लोक पुस्तकं देतात. देणाऱ्याचं मन मोठं असतं, पण येणारी पुस्तकं बहुधा बारीक टायपातली थोर पुरुषांची चरित्रं, सामान्यज्ञानाच्या प्रश्नावल्या आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ठळक अक्षरात तात्पर्य छापलेली बोधकथांची पुस्तकं असतात. दुसरीतली मुलगी त्यातलं एक हातात घेते, दोन ओळींत अडखळते आणि वाचन आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकते. या पुस्तकाने तिचं नुकसान केलं, असंच मी म्हणेन. म्हणून देणगीदाराला नम्रपणे यादी द्यावी. शाळेला हवी असलेली 20 पुस्तकं, प्रकाशकाचं नाव आणि किंमत त्यात लिहावी. माझ्या अनुभवात माणसं यादी मिळाली की आनंदाने तेच आणतात. काय द्यावं ते त्यांना ठाऊक नसतं, इतकंच.

यादीत काय घ्यावं? पहिली ते पाचवीच्या शाळेत निम्मी तरी चित्रपुस्तकं असावीत. पानावर एक-दोन ओळी, मोठं अक्षर, आणि चित्र असं की ते शब्दांपेक्षा काहीतरी जास्त सांगतं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मी पहिल्यांदा घेते, कारण त्यातली घरं, आज्या, भांडणं, रुसवे मुलांना ओळखीचे वाटतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने अशी बरीच चित्रपुस्तकं मराठीत आणली आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही मालिका स्वस्त आणि टिकाऊ आहे. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर चार वाचनपातळ्यांचे आकडे छापलेले असतात, आणि त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी मोफत उतरवून घेता येतात. चौथी-पाचवीतल्या पट्टीच्या वाचकांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि ‘तोत्तोचान’चा मराठी अनुवाद ठेवावा. कविता हव्यातच, विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्याने म्हणायला घेतल्या की वर्ग हलतो. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं, ते लावावं. प्राणी, पक्षी, यंत्रं, आकाश यांवरची माहितीची पुस्तकं विसरू नयेत. गोष्टी न आवडणारी मुलं असतात, आणि त्यातली अनेक जण बेडकावरचं पुस्तक मात्र सोडत नाहीत.

आणखी एक बघावं. आपल्या शाळेतल्या मुलाला पुस्तकात स्वतःसारखं कुणी भेटतं का? वारली, कातकरी, कोरकू घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकीच असते. अशा ठिकाणी शब्दांशिवायची चित्रपुस्तकं सोन्यासारखी. मूल ती आपल्या बोलीत वाचतं, आणि ते बरोबरच असतं. मुलांनी सांगितलेल्या गोष्टी शिक्षकांनी त्यांच्याच शब्दांत लिहून, मुलांची चित्रं लावून, दोऱ्याने शिवून पुस्तक करावं आणि त्यालाही दाखल क्रमांक द्यावा. माझ्या पाहण्यात दोरीवरून सगळ्यात आधी उचललं जाणारं पुस्तक हे असतं.

पुस्तकं आली की शिक्का, दाखल नोंदवहीत क्रमांक आणि कण्यावर रंगीत टिकली. विषयवार दशांश वर्गीकरण एवढ्या लहान शाळेत नको. चार रंग पुरेत: चित्रपुस्तकं हिरवी, थोड्या ओळींची पिवळी, मोठ्या गोष्टी लाल, माहिती निळी. रंग पुस्तकाचा आहे, मुलाचा नाही, हे मात्र शिक्षकांनी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायला हवं. पाचवीतल्या मुलाने हिरव्या टिकलीचं पुस्तक नेलं तर नेऊ द्यावं. पुस्तक अवघड आहे का ते मुलांना स्वतः बघता येतं: कुठलंही पान उघडायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही बोटं मिटली तर पुस्तक थोड्या दिवसांनी घ्यायचं. मुलांना हा हिशेब फार आवडतो, आणि मुख्य म्हणजे ‘तुला झेपणार नाही’ हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडून येत नाही.

देवघेवीची वही तारखेप्रमाणे ठेवू नये. दोनशे पानी वहीत प्रत्येक मुलाला चार पानं द्यावीत. वर त्याचं नाव, खाली रकाने: नेल्याची तारीख, पुस्तकाचा क्रमांक, नाव, परत. तारखेप्रमाणे लिहिलेल्या वहीत कोण काय वाचतंय ते कधीच दिसत नाही. मुलाचं पान उघडलं की एका नजरेत कळतं. सप्टेंबरपासून चार ओळींवर थांबलेलं पान दिसलं, की त्या मुलाशेजारी बसून वाचायला हवं. एकच पुस्तक सहा वेळा नेलेलं पान दिसलं तर काळजीचं कारण नाही. ते मूल त्या पुस्तकातून वाचायला शिकतंय.

वही मुलांनीच सांभाळावी. चौथी-पाचवीतली दोन मुलं एका महिन्यासाठी, आणि सगळ्यांची पाळी यायला हवी. हुशार म्हणून तीच दोन मुलं वर्षभर नेमली, तर बाकीच्यांची लायब्ररी परकी होते. देवघेव शनिवारी ठेवावी; सकाळची शाळा असते, आणि रविवारी घरी पुस्तक असतं. शिवाय वेळापत्रकात आठवड्याला दोन तासिका वाचनाच्या, गणिताच्या तासिकेइतक्याच पक्क्या. अभ्यासक्रम मागे पडला की पहिला घाला याच तासिकांवर येतो. तो येऊ देऊ नये.

या दोन तासिकांत काय करायचं? एकीत मुलं स्वतःचं स्वतः वाचतील, आणि शिक्षकही खुर्चीवर बसून आपलं पुस्तक वाचतील. वह्या तपासणार नाहीत. दुसरीत शिक्षक वाचून दाखवतील. हे वाचून दाखवणं मला साऱ्या कार्यक्रमाचा जीव वाटतं. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेने ‘गोष्टरंग’ नावाचा उपक्रम उभा केला, त्यात तरुण कलाकार पुस्तकातल्या गोष्टी आदिवासी भागातल्या शाळांत सादर करतात. नाट्य उभं करणं प्रत्येक शिक्षकाला जमणार नाही. वाचून दाखवणं जमेल, थोड्या तयारीने.

तयारी अशी. पुस्तक आदल्या रात्री घरी तीनदा मोठ्याने वाचावं. कुठे पान उलटण्याआधी थांबायचं, ते पेन्सिलीने बारीक टिंब देऊन ठेवावं. वर्गात मुलांना बाकांवर न ठेवता पट्टीवर जवळ बसवावं, अर्धवर्तुळात. पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे करून धरावं आणि तिरकं बघून वाचावं. सुरुवातीला मान दुखते, आठवडाभरात सवय होते. आधी मुखपृष्ठ दाखवावं आणि गप्प बसावं. मुलं बोलू लागतात. एकदा मी करडू हरवल्याची गोष्ट वाचत होते. मुखपृष्ठावर नुसतं रिकामं दावं होतं. दुसरीतला एक मुलगा म्हणाला, ‘गाठ सुटली नाय, करडू कुणीतरी सोडलंय.’ मी पुस्तक पुन्हा नीट पाहिलं. दाव्याची गाठ खरंच शाबूत होती आणि फास सैल होता. तीन वेळा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं. रोज शेळ्या बांधणाऱ्या मुलाला दिसलं. मग पुढची सारी गोष्ट वर्गाने त्या एका प्रश्नाच्या मागे ऐकली.

मध्ये एकदाच विचारावं: आता काय होईल? फार वेळा विचारलं तर गोष्टीची लय तुटते. आणि संपल्यावर ‘यातून काय शिकलात’ हे अजिबात विचारू नये. पुस्तक मिटून अर्धं मिनिट शांत राहावं. मग कुणाला काही म्हणायचं असेल तर ऐकावं, आणि ते पुस्तक लगेच दोरीवर अडकवावं. पुढच्या शनिवारी ते पुस्तक दोरीवर राहत नाही.

घरी नेलेल्या पुस्तकावर सारांश लिहून आणायला सांगणं, हेही मला घातक वाटतं. डॅनियल पेनाक या फ्रेंच लेखक-शिक्षकाने 1992 साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. त्यातला पहिला न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे. मोठे हे तीनही हक्क रोज वापरतात. मुलांनाही ते असावेत. कुणाला आपल्या पुस्तकाबद्दल परिपाठात दोन मिनिटं सांगायचं असेल, तर जरूर सांगावं. सक्ती नको.

पुस्तकं फाटतील, तेव्हा चिकटपट्टी लावू नये. ती वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. पातळ पुस्तकांच्या मधल्या लोखंडी पिना पावसाळ्यात गंजतात, पानं सुटतात. अशा वेळी पिना काढून टाकायच्या आणि मधल्या घडीवर तीन भोकं पाडायची. जाड सुईत पांढरा दोरा ओवून मधल्या भोकातून आतून बाहेर जायचं, वरच्या भोकातून आत यायचं, मधलं भोक सोडून खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारायची. पाचवीतली मुलं एका दुपारीत दहा पुस्तकं शिवतात. स्वतः शिवलेलं पुस्तक मूल कसं उघडतं ते एकदा बघा, पान ओढत नाही.

वर्षाच्या शेवटी वह्या घेऊन बसावं. आपल्या शाळेत 200 पुस्तकं असतील तर 1470 देवघेवींत प्रत्येक पुस्तक सरासरी सात वेळा बाहेर जायला हवं. वीस वेळा गेलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत घ्यावी. एकदाही न गेलेलं पुस्तक आधी वाचून दाखवून पाहावं. तरीही दोन वर्षं पडून राहिलं तर मोठ्या शाळेला द्यावं. ते पुस्तक वाईट असेलच असं नाही, त्याचा वाचक या शाळेत नाही इतकंच. रंगनाथनांचा पाचवा नियम ग्रंथालयाला वाढतं शरीर म्हणतो. वाढणारं शरीर जुनंही टाकतं.

बीडसारख्या जिल्ह्यातल्या शाळांत दिवाळीच्या सुमारास वर्ग ओस पडू लागतात. आईवडील ऊसतोडीला निघतात आणि हंगामी वसतिगृहात न राहिलेली मुलं त्यांच्यामागून जातात. देवघेवीच्या वहीत तेव्हा एक अवघड प्रश्न उभा राहतो: पाच महिने बाहेर जाणाऱ्या मुलाला पुस्तक द्यायचं का? एका शाळेत शिक्षकांनी ‘नको’ म्हटलं होतं. बोलणं झाल्यावर त्यांनी एका चौथीतल्या मुलाला प्लास्टिकच्या पिशवीत पाच पुस्तकं बांधून दिली. मार्चअखेर तो परत आला तेव्हा पिशवीत तीन होती. एक पाचटात जळालं होतं. एक त्याने शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, मुलीला दिलं होतं, ती दुसऱ्या जिल्ह्यातली, तिच्या गावी घेऊन गेली. उरलेली तीन त्याने तिथे धाकट्या भावंडांना इतक्यांदा वाचून दाखवली होती की पान न बघता तो म्हणत होता. एप्रिलच्या यादीत ती दोन पुस्तकं आम्ही ‘वापरात खर्च’ अशी लिहिली. समितीने सही केली.

मे महिन्यातही कपाटाला कुलूप लागू नये. त्यासाठी मोठ्या व्यवस्थेची गरज नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानाची ग्रंथालयं उभी केली, तेव्हा लहान गावांसाठी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरवल्या होत्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रमही पेटीवरच चालतो. आपल्या शाळेने पत्र्याच्या तीन पेट्या घ्याव्यात, प्रत्येकीत 40 पुस्तकं, एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. पेटी कुणाच्या ओटीवर ठेवायची ते मुलांनाच विचारावं. कुठल्या घरात दुपारी गेलं तर कुणी ओरडत नाही, हे त्यांना नेमकं माहीत असतं. गेल्या उन्हाळ्यात एका वाडीत मुलांनी एका आजींचं घर सांगितलं. आजींना लिहिता-वाचता येत नाही. त्या नेणाऱ्या मुलाला वहीत नाव लिहायला लावत आणि मग म्हणत, ‘आता काय लिहिलंस ते वाच.’ जूनमध्ये पेटी परत आली तेव्हा 40 पैकी 39 पुस्तकं होती. चाळिसावं आजींनी ठेवून घेतलं होतं. नातवाकडून रोज रात्री थोडं ऐकत होत्या, अजून संपायचं होतं.